पितृपक्षात अडलेला व्यवहार

पोलीसखात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नॉटिंगहॅमचं ते प्रकरण आठवलं की आजही आधी हुश्श होतं आणि मग स्वतःचाच राग येतो.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. मी आर्थिक गुन्हे पथकात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. एका सॉलिसिटरचा, म्हणजे घरांचे व्यवहार बघणाऱ्या वकिलाचा, फोन आला. "माझे क्लायंट निवृत्त डॉक्टर आहेत. भाड्याने दिलेले दोन फ्लॅट त्यांनी विकले. आता सगळी रक्कम एका सल्लागाराकडे पाठवा म्हणतात. पैसे मध्यस्थाकडे ठेवायचे, पंचेचाळीस दिवसांत दुसरं घर ठरवायचं, की नफ्यावरचा कर पुढे ढकलला जातो म्हणे. हा नियम अमेरिकेतला. इथे भाड्याच्या घरांना तो लागू नाही. मी सांगून थकलो."

सल्लागाराचं नाव मी लगेच ओळखलं. दोनच आठवड्यांपूर्वी मंडळाच्या गणपतीत हा गृहस्थ माझ्या शेजारी बसून मोदक खात होता. त्याचं पत्रक अजून माझ्या कोटाच्या खिशात होतं. चोर ओळखण्यात हयात घालवलेला मी! आधी साहेबांना हे सांगून टाकलं, मगच गाडी काढली.

डॉक्टरकाका दारातच तापले. "आपल्या माणसाकडे कागद मागायचे? शोभतं का ते? पैसे केव्हाच गेले असते, पण ही अडून बसलीये. चाळीस वर्षं या देशात काढली आणि घरात अजून पितृपक्ष!"

काकू आतून म्हणाल्या, "अहो, पंधरवडाच तर आहे. पितरांच्या दिवसांत घराचा व्यवहार नाही म्हणजे नाही. सर्वपित्री झाली की करा काय करायचं ते."

सर्वपित्रीला पाच दिवस होते. दोघांना रीडिंगला, लेकीजवळ घर घ्यायचं होतं. आयुष्यभराची कमाई त्या दोन फ्लॅटमध्ये होती, आणि काकूंच्या हट्टामुळेच ती सॉलिसिटरच्या खात्यात शाबूत होती. मी मनातल्या मनात हात जोडले.

स्वयंपाकघरात मराठी कॅलेंडर टांगलेलं होतं. दुधाच्या, डेंटिस्टच्या नोंदींमध्ये काकूंच्या बारीक अक्षरात लिहिलेलं, 'त्याचा फोन. घाई करतोय.' असे सहा चौकोन. शेवटच्या चौकोनात एक खाते क्रमांक.

"कालच सांगितला त्याने. त्याच्या छापील कागदावर वेगळा होता, म्हणून लिहून ठेवला," काकू म्हणाल्या.

काका उठले, दोन्ही क्रमांक ताडून पाहिले आणि परत खुर्चीत बसले.

बँकेचे आणि फोनचे कागद हातात आल्यावर, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, त्याला अटक केली. कॉशन, म्हणजे कायदेशीर ताकीद, दिली, टेप लावली, शेजारी त्याचा वकील. गडी एकदम थंड. "मी फक्त माहिती दिली. पैसे मागितले नाहीत, घाई तर मुळीच केली नाही." मी तासभर त्याला बोलू दिलं. चौकशीत आरडाओरडा करून काही हाती लागत नाही. खोटं बोलणाऱ्याला आधी पोटभर बोलू द्यावं.

मग कॅलेंडर टेबलावर ठेवलं, त्याच्याशेजारी फोनच्या नोंदी. सहाच्या सहा जुळत होत्या. "शेवटच्या चौकोनातलं हे खातं तुमच्या स्वतःच्या नावावर कसं?" मी इंग्रजीत विचारलं.

तो पुढे वाकून मराठीत म्हणाला, "दादा, आपण आपसात मिटवू ना."

"टेप चालू आहे," मी म्हणालो. वकिलाला मराठी येत नव्हतं, पण अशिलाचा चेहरा त्याला वाचता आला.

खातं गोठवलं. आणखी दोन कुटुंबांचे पैसे त्यातच होते, तेही वाचले. त्याला शिक्षा झाली. पुरावा म्हणून जमा केलेल्या कॅलेंडरसाठी मात्र काकूंनी मला भंडावून सोडलं. "अरे, संकष्टी कधी ते कळायचं कसं आम्हाला?"

काकांनी कर मुकाट्याने भरला. रीडिंगला जरा लहान घर घेतलं, पण लेकीपासून चालत दहा मिनिटांवर. वास्तुशांतीला मला आग्रहाने बोलावलं. आपल्या माणसाकडेही कागद मागावा, अगदी मोदक खातानासुद्धा, हे मी तिथे सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात ऐकवत होतो.

काकू वाढता वाढता थांबल्या. "काय रे, गणपतीत तू तर त्याच्या शेजारीच बसला होतास, मी पाहिलं ना. पोलीस तू. तुलाही नाही कळलं?"

"नाही काकू," मी खरं ते सांगितलं. "त्याने माझ्या आईची फार मायेने चौकशी केली. आईच्या फ्लॅटच्या विक्रीचं विचारायला मी त्याला फोन करणार होतो."

काकूंनी माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली.