चिंचेने घासलेली रेती

ताईच्या हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिक आहे, हे मीच तपासून सांगितलं होतं. तिच्या तळहातांवर खडबडीत ठिपके उठले होते. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. दुसरी विहीर कोसभर दूर. म्हणजे राजनांदगावपलीकडचं घर बंद करून तिने आणि भाऊजींनी भिलाईला माझ्या सेक्टर १०च्या क्वार्टरमध्ये यायचं.

"भावाच्या दारात म्हातारपण नाही काढाचं मले," ती म्हणाली. खरं सांगायचं तर आमच्या दोन खोल्यांनाही ते झेपलं नसतं.

मी कारखान्यात पाणी तपासणारा केमिस्ट. शिवनाथ नदीची रेती लोखंडाच्या क्षाराच्या पाण्यात भिजवली, अंगणात वाळवली, जुन्या कढईत भाजली. तिच्यावर विटकरी लेप चढला. आर्सेनिक त्या लेपाला चिकटून राहतं. ती रेती बुडाशी भोक पाडलेल्या मडक्यात भरून ताईला दिली. महिनाभर खाली गळलेल्या पाण्यावर चाचणीचा कागद पांढराच राहिला. बातमी कारखान्यातल्या साहेबांपर्यंत गेली. त्यांनी भोपाळला, तेव्हाच्या आमच्या राजधानीला, कळवलं आणि मडक्याचं उद्घाटन ठरवलं. फीत मडक्याला कुठे बांधायची, यावर दोन मीटिंगा झाल्या.

आदल्या दिवशी मी ताईकडे जाऊन पुन्हा चाचणी केली. कागद पिवळा झाला, मग तपकिरी.

साहेबांची चिंता नव्हती. त्यांना कुठलंही मडकं चाललं असतं. मला ताईच्या दाराला लागलेलं कुलूप दिसत होतं. मडक्यात हात घातला. रेती चक्क पांढरी.

"ताई, रेतीले काय केलं?"

"साहेब येऊन राहिले ना! गंजलेली रेती दाखवू का त्यायले? चिंच लावून घासली. पितळेच्या घागरीसारखी लख्ख निघाली, पाह्य."

"अवं, तो गंजच तर औषध होता!"

"मंग सांगाचं नाही का? केमिस्ट कावून झाला तू?"

भाऊजी ओसरीवरून म्हणाले, "मी म्हटलं होतं, लाल रंग त्यानं हौसेनं नाही देल्ला. पण मले कोन विचारते?"

मी खाली बसून हसलो. रेती नापास झाली नव्हती, नुसती स्वच्छ झाली होती.

उद्घाटन 'तांत्रिक कारणास्तव' पुढे ढकललं. आठवडाभर भाऊजींनी सायकलवर डबे बांधून दूरच्या विहिरीचं पाणी आणलं. मग मी नवी रेती भरली, पहिलं पाणी ओतून दिलं आणि कागद लावला. ताई माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. कागद पांढरा. आणखी थोडं थांबलो. पांढराच.

"मंग राहू आमी इथंच?"

"राहा."

तिने पेला भरून आधी भाऊजींना दिला, मग स्वतः घेतला. अर्धा पिऊन झाल्यावर म्हणाली, "चव तर तशीच हाय रे," आणि उरलेलं पाणीही संपवलं.