गुलाबाच्या नक्षीचा कप

नव्वद सालच्या सुमारास दौंडच्या रेल्वे कॉलनीत चिनी मातीचे जुने, नक्षीदार कप विकत घ्यायला एक म्हातारा यायचा. ते पुण्याच्या जुन्या बाजारात विकायचा. कप उजेडात धरून, नखानं टिचकी मारून तो नाद ऐकायचा. मग म्हणायचा, "ताई, ह्यातच चा प्या. गरम चात तडा कळतो."

वडील गेल्यावर आईनं मन घट्ट करून त्यांचा गुलाबाच्या नक्षीचा कप विकायला काढला. त्यात चहा ओतला आणि कप दोन्ही हातांत धरून बसून राहिली. चहा निवला.

म्हाताऱ्यानं पिशवी उचलली. "तडा हाय. चालायचा न्हाई."

मी फाटकापर्यंत मागं गेलो. "आबा, कप तर चांगला आहे."

"हाय की," तो म्हणाला. "पन इकायचा कप मानूस खाली ठिवतं."