लाल ठिपक्याचा पॅन

वत्सलामावशींनी माझ्या घरातलं भांडं कधी रिकामं परत केलं नाही. वाटीभर कढी दिली, तर त्याच वाटीतून दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची चटणी यायची. डबा दिला तर डब्यातून चार धपाटे. काहीच नसलं तर परसातली मूठभर कोथिंबीर, तीही निवडून. "रिकामं भांडं पुढे करायला लाज वाटते हो मला," असं म्हणत त्या कुंपणावरून हात लांब करायच्या. चार वर्षं आम्ही शेजारी होतो आणि चारही वर्षं हे चाललं. फक्त एक पॅन त्यांनी परत केला नाही. तो त्या गेल्यावर आला, आणि तो आला म्हणूनच मी हे लिहायला बसले आहे.

आधी माझ्याबद्दल सांगते. मी कोथरूडची. ऑकलंडला येऊन अकरा वर्षं झाली, शहरात एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, आणि राहते बॉटनी डाउन्सला. तोंडाने फटकळ आहे, पण मनाने मोठी आहे, असा माझा स्वतःबद्दल बरीच वर्षं समज होता. हा समज लक्षात ठेवा.

मावशी अकोल्याकडच्या. प्राथमिक शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. बाहेरच्या माणसाशी शाळेतलं स्वच्छ मराठी बोलायच्या आणि घरात गेल्या की वऱ्हाडी. त्यांचा मुलगा मिलिंद पेनरोजच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचा इंजिनिअर. त्याची बायको प्रज्ञा आजारी पडली, तेव्हा मावशी मदतीला म्हणून तीन महिन्यांसाठी आल्या. प्रज्ञा तिसऱ्या महिन्यात गेली. मावशी राहिल्या त्या राहिल्याच.

मागे आठ वर्षांची सुजाता होती. शाळेत तिला सगळे 'सू' म्हणत. मावशी मात्र पूर्ण नावाने हाक मारायच्या. मराठी कळायचं सगळं, उत्तर इंग्रजीत. आई गेल्यावर या पोरीने जेवण टाकलं. दूध प्यायची, एखादा टोस्ट कुरतडायची, बाकी ताट पुढे सरकवायची. गालफडं बसली होती पोरीची, मला कुंपणापलीकडून बघवायचं नाही. शाळेतून फोन यायला लागले. मिलिंद बिचारा शिफ्ट करून यायचा आणि तिच्यासमोर नुसता बसून राहायचा.

"पुरणपोळी केली, नाही. खिचडी, नाही. अंड्याची पोळी, नाही," मावशी मला सांगत होत्या. "काल विचारलं, बाई गं, तुला काय पाहिजे ते तरी सांग. तर म्हणते, फ्रायडे डिनर."

प्रज्ञा दर शुक्रवारी एकाच पॅनमध्ये खिमा आणि बटाटे करायची. ऑफिसातल्या कुणा गोऱ्या बाईकडून शिकलेली, साधी गोष्ट. प्रज्ञाचा पॅन दांडी निघून कधीच कचऱ्यात गेला होता. म्हणून मावशी माझ्या दारात आल्या होत्या. "तुमच्याकडे झाकणाचा मोठा पॅन आहे ना? जरा द्याल का? उद्या परत आणते."

माझा तो लाडका पॅन. जाड बुडाचा, थालीपीठ लावायला उत्तम. कुणाकडे सगळे एकेक पदार्थ घेऊन जमलो की भांड्यांची अदलाबदल होते, म्हणून मी त्याच्या दांडीखाली नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला होता. मी तो ओट्यावरून उचलला आणि सहज विचारलं, "कशाचा खिमा? चिकनचा ना?"

"नाही. गाईचा," मावशी म्हणाल्या. "सांगून नेलेलं बरं."

आमच्याकडे अंडं, चिकन चालतं. पण तो शब्द ऐकल्यावर माझा हात क्षणभर थांबला. अगदी क्षणभर. मग मी तोंडभर हसले आणि पॅन त्यांच्या हातात देत म्हणाले, "उद्या-बिद्या काही नको मावशी. ठेवा तुमच्याकडेच. मी नाहीतरी नवीन घेणारच होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षं वर्गातल्या पोरांचे चेहरे वाचलेली बाई ती. "बरं," म्हणाल्या, आणि पॅन घेऊन गेल्या.

संध्याकाळी मी नवऱ्याला कौतुकाने सांगितलं, की बघ, दुसरी कुणी असती तर नाहीच म्हणाली असती. मी अख्खा पॅन देऊन टाकला! तोही म्हणाला, बरं केलंस. आम्ही दोघंही त्या दिवशी स्वतःवर खूश होतो.

पुढच्या शुक्रवारी मी घरूनच काम करत होते. दुपारी मावशींनी हाक मारली, "या हो, बसा जरा. एकटीला धीर होत नाही." शेगडीवर काळा पॅन तापत होता. मला वाटलं, माझाच. मी मुद्दामच त्याच्याकडे फार बघितलं नाही.

त्या दिवसाआधी दोनदा त्यांचा प्रयत्न फसला होता. हात सवयीने जायचा, आलं-लसूण पडायचं, काळा मसाला पडायचा, आणि सुजाता एक घास घेऊन म्हणायची, "इट्स नॉट लाइक मम्माज." तिसऱ्या वेळी मावशींनी मसाल्याचा डबाच कपाटात वर ठेवून दिला. कांदा बारीक चिरून तेलात टाकला. त्यावर खिमा पसरला आणि उलथणं बाजूला ठेवून हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"ढवळायचा नाही का?" मी विचारलं.

"नाही. खालून लाल होऊ द्यायचा. मला हे पहिल्यांदा कळलंच नाही, सारखी ढवळत होते. सारखं ढवळलं की पाणी सुटतं नुसतं. माझं या पोरीशीही तेच चाललं होतं. दिवसभर, हे खा, ते खा."

मग बोटाच्या पेराएवढे बटाट्याचे तुकडे, एक टोमॅटो, मिरपूड, मीठ, कपभर पाणी, आणि वर झाकण. बटाटा मऊ झाल्यावर फ्रीजरमधले मटार. झालं. मला तर हा स्वयंपाक वाटेचना. पण मावशींच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी झाकण काढलं, वास घेतला, आणि चमच्यावर थोडंसं काढून थेट बाहेरच्या खोलीत गेल्या. सुजाता सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"मीठ पाह्य वं माय. मले नाही चाखता येत."

"व्हाय?"

"मी खात नाही हे. मग मीठ कोण पाहीन? तूच पाह्य."

पोरगी थोडा वेळ चमच्याकडे बघत राहिली. मग तिने चाखलं. "नीड्स मोअर," म्हणाली. मावशींनी मीठ घातलं, पुन्हा चमचा पुढे. "अ लिट्ल मोअर." तिसऱ्या चमच्याला ती उठून स्वतःच ओट्यापाशी आली. त्या दिवशी तिने बशीभर खाल्लं, उभ्या उभ्या. मावशी माझ्याकडे पाठ करून मोरीत भांडी घासत होत्या, आणि नळ गरजेपेक्षा जरा मोठाच सोडला होता.

सुजाता खेळायला गेल्यावर मी विचारलं, "तुम्ही खात नाही, मग शिवता तरी कशा?" माझा फटकळपणा, दुसरं काय.

मावशींनी हात पुसले. "आमच्या गावात मेलेलं जनावर ओढायचं काम आमच्या घराकडे. ओढलं की मांस आमचं. आई पट्ट्या कापून दोरीवर वाळवायची. दुसरं होतं काय खायला? धम्म घेतला त्या वर्षी बापाने शिजायला ठेवलेलं मडकं अंगणात आणलं आणि दगडावर आपटलं. मी सात वर्षांची. भूक लागलेली, म्हणून मी भोकाड पसरलं. बाप म्हणाला, रड किती रडायचं ते. पण आजपासून कुणी टाकलेलं घ्यायचं नाही. सोन्याचं असलं तरी."

"आणि आता तेच..."

"तेच नाही," त्या पटकन म्हणाल्या, वर्गात चुकीचं उत्तर आल्यासारखं. "ते लोकांनी आमच्या अंगावर टाकलेलं होतं. हे माझ्या नातीने मागितलंय. टाकलेलं वेगळं आणि मागितलेलं वेगळं. बापाला मी हे समजावून सांगितलं असतं, त्याला पटलं असतं."

मी मान डोलावली. डोळ्यांत पाणीही आलं माझ्या. घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं, ऑफिसात एका मैत्रिणीला सांगितलं. एवढं सगळं ऐकून मला माझ्यापुरतं काहीही कळलं नाही. इतकी कशी मी मठ्ठ, याचं मला आज नवल वाटतं.

पुढे सगळं सुरळीत झालं. सुजाता भरली, उंच झाली, नेटबॉल खेळायला लागली. दर शुक्रवारी मीठ चाखायचं काम तिचंच. मावशींनी परसात बटाटे लावले. "जानेवारीत कसला मेला उन्हाळा!" असं पुटपुटत त्या ते काढायच्या आणि त्यातले चांगले मोठे माझ्या टोपलीत टाकायच्या. वाट्या, डबे येत-जात राहिले. पण ते सगळे माझ्याकडून आपणहून गेलेले. त्या पॅननंतर मावशींनी माझ्याकडे एकदाही काही मागितलं नाही. एवढंसं विरजणसुद्धा नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत पायी जायच्या, पण माझं दार वाजवायच्या नाहीत. मला वाटायचं, आता इथे रुळल्या.

या जुलैत मावशी गेल्या. सकाळी चहा ठेवला, आणि ओट्यापाशीच खाली बसल्या. मिलिंदने मला हाक मारली. मी पोहोचले तेव्हा काही उरलं नव्हतं, फक्त चहा उतू जाऊन शेगडी विझली होती. हॉलमध्ये त्रिशरण झालं, पंचशील झालं, पन्नासेक माणसं जमली. सुजाता बाबाचा हात धरून उभी होती. आता बारा वर्षांची आहे ती.

पुढच्या शनिवारी ती माझ्या दारात आली. पायात जांडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, बाहेर पाऊस, आणि हातात मावशींच्या जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी.

"काकू, धिस इज युअर्स."

मी गाठ सोडली. आत पॅन होता, झाकणासकट. पॅनमध्ये मावशींनी उन्हाळ्यात काढून ठेवलेल्यातले सहा-सात बटाटे. "आजी ऑल्वेज सेड, डोन्ट गिव्ह इट बॅक एम्प्टी," सुजाता म्हणाली.

मी दांडी उलटी केली. लाल ठिपका जसाच्या तसा. बूड माझ्याकडून गेलं होतं तसंच, एक चरासुद्धा वाढलेला नाही.

"हा वापरला नाहीत तुम्ही?"

"नो. आजीने दुसरा आणला. सेम डे. मी पण गेले होते, बसने, मॉलमध्ये."

"मग हा चार वर्षं ठेवला कशाला?"

"शी सेड, हा काकूंचा आहे. काकूंनी मागितला की द्यायचा." तिने खांदे उडवले. "यू नेव्हर आस्क्ड. सो आता मीच आणला."

पोरीच्या मनात काही नव्हतं. ती जे झालं ते सांगत होती. मी मात्र तिथेच दाराच्या पायरीवर बसले. मी पॅन दिला नव्हता, टाकला होता. त्या बाईने ते पहिल्याच क्षणी ओळखलं, पॅन हातात घेतला, आणि पातळात बांधून ठेवून दिला. शेवटी मडकं फोडणाऱ्या बापाची लेक. तरी माझ्यासाठी एक वाट उघडी ठेवली होती तिने. 'मावशी, माझा पॅन द्या हो' एवढंच म्हणायचं होतं मी. चार वर्षांत दोनशे शुक्रवार आले असतील, आणि मला ते सुचलं नाही. लाज वाटली मला. अजून वाटते.

"काकू, आर यू ओके?"

"सुजाता, मला तो खिमा-बटाटा शिकवशील? आत्ता? याच पॅनमध्ये?"

ती गोंधळली. "बट यू डोन्ट ईट दॅट. आजी कुंपणाकडची विंडो बंद करायची. काकूंना वास नको म्हणून."

हेही मला माहीत नव्हतं. "मला पाहिजे," मी म्हणाले. "मी मागते आहे."

आम्ही दोघी जाऊन खिमा घेऊन आलो. माझ्या ओट्यावर, माझ्या पॅनमध्ये, तिने कांदा टाकला, खिमा पसरला. मी उलथणं घेऊन पुढे झाले तर म्हणाली, "नो, काकू. ढवळायचा नाही." अगदी आजीसारखी हाताची घडी घालून उभी राहिली. खिडकी मी मुद्दाम उघडी ठेवली. बटाटे मावशींचेच होते, लवकर शिजले. सुजाताने झाकण काढलं, चमचा भरला, सवयीने स्वतःच्या तोंडाकडे नेला, आणि मग थांबून माझ्यापुढे धरला.

"मीठ पाह्य," ती म्हणाली. आजीच्या वऱ्हाडीत.

मी चाखलं. "थोडं कमी आहे गं," म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी मी पॅन घासला, पुसला, त्यात सहा थालीपिठं ठेवली, वर लोण्याची वाटी. कुंपणापाशी मिलिंद उभा होता. "अहो, राहू द्या ना," तो म्हणाला, "तो तुमचाच आहे, आई नेहमी सांगायची."

"मिळाला मला," मी म्हणाले, आणि पॅन कुंपणावरून त्याच्या हातात दिला. "शुक्रवारी वापरा तुम्ही. आणि शनिवारी परत आणून द्या हं. मला लागतो तो."