प्रकाशचा मोबाईल

असले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. शहराच्या कडेला, हर्सूलच्या पुढं नवीन बिल्डिंगी झाल्या, आम्ही राहायला आलो, सगळ्यांच्या हातात मोठे मोबाईल आले, आणि किस्से आपोआप जमत गेले. सांगताना आधी हसू येतं. मग लाज वाटते.

आमचे सोनवणे काका रिटायर क्लार्क. त्यांनी शाळेतल्या मैत्रिणीच्या फोटोवर लाल बदाम दाबला. काकूंनी तो बघितला. "आज जेवायला तिच्याकडंच जा," एवढंच म्हणाल्या. काका दुपारी आमच्याकडं जेवायला आले, मान खाली घालून.

पण काकांचा तो नुसता बदाम होता. माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या प्रकाशचं प्रकरण खरं होतं. एकदा तो बायकोला, म्हणजे सुनीता वहिनींना, "सिल्लोडला कामाला जातो" सांगून गेला. त्याच दिवशी त्याच्या एका मित्रानं इथल्याच, भर शहरातल्या क्रांती चौकातल्या हॉटेलचं स्टेटस टाकलं. मागच्या टेबलावर प्रकाश, आणि समोर कुणी पाठमोरी बाई.

वहिनी मला जिन्यात भेटल्या. "भाऊजी, शहर लई वाढलं म्हणतात. सिल्लोड क्रांती चौकापर्यंत आलं का?"

मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली सटकलो.

पुढं प्रकाशचा मोबाईल पाण्यात पडला. बाथरूममध्येही सोबत न्यायचा तो! गुलमंडीजवळच्या रिपेअरवाल्यानं चालू केला, तसे मेसेजवर मेसेज वाजायला लागले. वहिनी शेजारीच उभ्या. रिपेअरवाला हळूच म्हणाला, "साब, आवाज बंद करूँ क्या?"

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "मलापण ऐकू द्या."

हे मला प्रकाशनंच सांगितलं. सांगताना हसला नाही.

त्या उन्हाळ्यात दुष्काळ पडला. नळ कोरडे, सगळं टँकरवर. एका दुपारी बिल्डिंगच्या ग्रुपवर प्रकाशचा मेसेज आला, 'रेखा, तू दिसली नाहीस की करमत नाही.' रेखा आमच्याच तिसऱ्या मजल्यावर राहायची, नवरा पुण्याला नोकरीला. मेसेज चुकून सगळ्यांना गेला होता, आणि तेव्हा पाठवलेलं पुसता यायचं नाही.  थोड्या वेळानं त्याच्याखाली वहिनींचा मेसेज पडला, 'टँकर आलाय. हंडे घेऊन या.'

आम्ही खाली गेलो. कुणी कुणाकडं बघेना. पाइप वहिनींच्याच हातात. त्यांनी एकेकाचं पाणी भरून दिलं. सगळ्यात शेवटी प्रकाश उतरला. रेखा आलीच नाही. टँकरवाला पाइप गुंडाळायला लागला, तर वहिनींनी त्याला थांबवलं. घरच्या दोन बादल्या काठोकाठ भरल्या आणि सगळ्यांसमोर प्रकाशपुढं ठेवल्या.

"तिसऱ्या मजल्यावर पोचवून या. तिचं पाणी राहिलंय."

प्रकाशनं बादल्या उचलल्या. तो जिना चढत होता, आणि पायऱ्यांवर पाणी हिंदकळून सांडल्याचा आवाज आम्हाला खाली ऐकू येत होता.