आई म्हणाली, वजन तेवढंच भरलं का?

मित्रांनो, ऐका! आज माझा एमएस्सीचा सेमिनार झाला. विषय होता गुरुत्वीय लहरी.

हॉस्टेलला पाणी न्हाई म्हणून आई सकाळीच कंधारहून एसटीनं पाण्याचा कॅन घेऊन आलेली. तिला घेऊनच विभागात गेले, तर सर म्हणाले, "त्यांनाही सेमिनारला बसू द्या." मला धाकधूक, कारण पीएच.डी.ला घरून अजून होकार नव्हता.

दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत एक कशी झाली, ते मी मराठीतच सांगितलं. शेवटी सरांनी विचारलं, "काही प्रश्न?"

मागच्या बाकावरून आई म्हणाली, "दोन मिळून एक झालं, तर वजन तेवढंच भरलं का?"

आई मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हळद निवडायला जाते. निवडल्यावर माल किती भरला, हे रोज बघते.

सर उठून उभेच राहिले. "ताई, हाच तर खरा प्रश्न!"

मी म्हणाले, "न्हाई आई. तीन सूर्यांएवढं कमी भरलं. त्याच्याच लहरी झाल्या अन् आपल्यापर्यंत आल्या."

"लई भारी हाय की!"

बसस्टँडवर आईच म्हणाली, "पुढचा फॉर्म भर. तुझ्या बाबाला मी समजावते."

तुमच्या घरात असे प्रश्न कोण विचारतं?