टायटनबाईंची चूक

टायटनबाई दुसऱ्याच्या वर्गावरून जाताना फळ्यावर चूक दिसली, तर सरळ आत शिरत, खडू घेऊन ती दुरुस्त करत आणि शिकवणाऱ्याला "सॉरी हं" म्हणून बाहेर पडत. निम्मे प्राध्यापक त्यांच्यावर खार खाऊन असत. घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत आणि शनीच्या टायटन नावाच्या चंद्राच्या हवेवर संशोधन करत, म्हणून हे नाव.

त्या हवेत नायट्रोजन आणि मिथेन आहे. वरच्या थरात सूर्यप्रकाशाने रेणूंतला इलेक्ट्रॉन सुटतो, आयन बनतात आणि इतर रेणूंवर आदळत त्यांचे नवे आयन होत जातात. बाई तशाच टकरी एका पोलादी नळीत घडवत आणि झालेले आयन वजनावरून ओळखत. "वजन म्हणजे नुसतं आडनाव, मानसी," त्या मला म्हणायच्या. "एका आडनावाची दहा माणसं असतात. चौकशी केल्याशिवाय हाक मारायची नाही."

त्यांचं नाव झालं होतं ते एकोणतीस वजनाच्या आयनामुळे. तो कार्बनचा आहे, असं त्यांनी वीस वर्षांपूर्वी छापलं होतं. त्यांच्या हाताखाली मी लिहीत असलेल्या प्रबंधाची तीन प्रकरणं त्यावरच उभी होती. एका मंगळवारी मी पडताळणी म्हणून नळीत साध्याऐवजी जड नायट्रोजन सोडला; त्याचा प्रत्येक अणू वजनाने एकाने जास्त असतो. आयन कार्बनचा असता, तर आलेखावरची रेघ जागची हलली नसती. ती जवळजवळ सगळी एकतीसवर सरकली. म्हणजे आयनात नायट्रोजनचे दोन अणू होते, तो नायट्रोजनचा होता. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

शनिवारी धीर करून त्यांच्या मुलुंडच्या घरी गेले. आलेख टेबलावर पसरून त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं.

"कधी दिसलं हे?"

"मंगळवारी."

"गुरुवारी मी एमएस्सीच्या मुलांना हेच शिकवलं. तू मागच्या बाकावर होतीस ना गं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे तुला माहीत होतं. आणि मला खोटं बोलू दिलंस."

वीस वर्षांचं काम गेलं, त्याबद्दल एक शब्द नाही. मी जिना उतरले.

सोमवारी त्यांनी सगळ्या विभागाला हॉलमध्ये बोलावलं आणि उभं राहून सांगितलं, "वीस वर्षं मी चुकीचं शिकवत आले." विभागप्रमुख हळूच म्हणाले, "मॅडम, दोन महिन्यांत रिटायर होताय. नंतर बघितलं असतं ना."

"तोवर ही बॅच बाहेर पडली असती," बाई म्हणाल्या.

मी तिन्ही प्रकरणं नव्याने लिहायला घेतली. बाई मसुदे तपासून देत, पण कामापलीकडे बोलत नसत. निवृत्तीनंतर तीन आठवड्यांनी कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज आला, मेंदूत रक्तस्राव होऊन बाई गेल्या. मेसेज मी चारपाच वेळा वाचला. त्या गुरुवारची माफी मागायची राहूनच गेली होती.

काही आठवड्यांनी त्यांचं दुरुस्तीचं पत्र संशोधनपत्रिकेत छापून आलं. प्रयोगशाळेत उभ्यानेच वाचलं. शेवटी लिहिलं होतं, "ही चूक माझ्या विद्यार्थिनीने शोधली आणि लक्षात येताच, त्याच दिवशी, मला कळवली."

मी जवळचं स्टूल ओढून खाली बसले. बाईंनी जाणूनबुजून खोटं लिहिलेलं मला सापडलेलं हे एकच वाक्य.