मिटल्या पापण्यांची मांजर

गेली कितीतरी वर्षं मी अंगणवाड्यांच्या भिंतींवर कार्टूनची एकच मांजर काढतोय. बशीएवढे डोळे, कानापर्यंत हसू. दुकानांच्या पाट्या फ्लेक्सवाल्यांनी नेल्या. आम्हा पेंटरांना या भिंती तेवढ्या उरल्या. त्या मांजरीचा मला वीट आला होता, आणि त्यात उजवा हात थरथरायला लागला.

मग शेलूबाजारजवळच्या एका अंगणवाडीत मनात आलं, हात पुरता जायच्या आत एकदा तरी मनासारखं काढावं. तरुणपणी अजिंठ्याला आठ दिवस राहून लेण्यांतली चित्रं उतरवली होती. तिथली रेघ अजून डोक्यात होती. मांजर तीच घेतली, पण गेरूच्या रंगात: मान किंचित कललेली, पंजात कमळ, पापण्या खाली झुकलेल्या. मानेपासून शेपटीपर्यंतची रेघ श्वास धरून एका दमात ओढली. हात हलला नाही. इतक्या वर्षांत स्वतःवर असा खूश झालो नव्हतो. डोळे शेवटी काढले. माझ्या उस्तादांची शिस्तच तशी होती. डोळे झाले की चित्र पुरं, नंतर त्याला ब्रश लावायचा नाही.

तेवढ्यात अंगणवाडीच्या ताई आल्या.

"पेंटरभाऊ, मांजर झोपून राह्यली काय? उद्या सुपरवायझर मॅडम पाहाले येऊन राह्यल्या. डोये उघडा तिचे."

"ताई, अजिंठ्याची पद्धत हाय हे."

"असन. पन लेकराइले हासरी मांजर पाह्यजे."

खिचडी शिजवणाऱ्या मावशी पदराला हात पुसत दारात आल्या. "राहू द्या ना ताई. हासून हासून दमली असन बिचारी."

वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. ताईंचं फारसं चुकतही नव्हतं; भिंत मुलांची होती. पांढरा रंग कालवला, पापण्या झाकून टाकल्या आणि हजारदा काढलेले ते गोल डोळे काढायला घेतले. हात असा थरथरला की मनगटाखाली डावा हात धरावा लागला.

ताई खूश होऊन आत गेल्या. मावशींनी आधी मांजरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उठवलंच तिले," त्या म्हणाल्या आणि खिचडीकडे वळल्या.

मी ब्रश धुवायला नळापाशी बसलो, तो बराच वेळ उठलोच नाही.